मलबार हिलचा जुना बंगला आणि त्याचं वारसामूल्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मलबार हिल, कंबाला हिल, नेपियन सी रोड, ब्रीच कँडी या पट्ट्यातल्या जुन्या बंगल्यांबद्दल मालक, भाडेकरू, शेजारी, खरेदीदार आणि वास्तुकलेचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोप्यापासून सुरुवात करून पुढे अडचणीच्या प्रश्नांकडे गेलो आहोत. दोन प्रश्नांचा विषय एकमेकांत शिरतो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नियमांचा उल्लेख येतो तिथे बृहन्मुंबईची २०३४ ची विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे डीसीपीआर, आणि तिच्यातला नियम ५२ अभिप्रेत आहे.

१. आमचा बंगला शंभर वर्षांचा झाला. आता तो आपोआप हेरिटेज झाला का?

नाही. मुंबईच्या वारसा नियमात वयाची अटच नाही. 'शंभर वर्षं' हा आकडा दुसऱ्या दोन कायद्यांतून लोकांच्या डोक्यात बसला आहे. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा केंद्रीय कायदा आणि पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा हे ते दोन. पहिला राष्ट्रीय संरक्षित स्मारकांना लागू होतो, दुसरा वस्तूंना (प्रश्न १५). बंगल्याचं संरक्षण महापालिकेच्या वारसा यादीवर अवलंबून असतं. यादीत नाव नसेल तर दीडशे वर्षांचा बंगलाही या नियमाखाली येत नाही आणि नाव असेल तर १९३६ सालचा बंगलाही येतो.

२. मग 'वारसामूल्य' ठरतं तरी कशावर? किंमत, मालकाचं नाव की नक्षीकाम?

किमतीचा तर काहीच संबंध नाही. ती जमिनीची असते. मलबार हिलच्या कुठल्याही सौद्यात भिंतींचा भाव नगण्य असतो, आणि म्हणूनच तर भिंती धोक्यात असतात.

नियमात मूल्यांचे प्रकार अक्षरांनी दिले आहेत आणि यादीतल्या वास्तूपुढे ती अक्षरं लिहिलेली असतात. 'ए' म्हणजे वास्तुकलात्मक, ऐतिहासिक किंवा सांस्कृतिक मूल्य. 'बी' म्हणजे काळ, रचना किंवा वेगळा वापर. 'सी' म्हणजे सामाजिक-आर्थिक इतिहासाशी नातं. 'डी' म्हणजे नामवंत व्यक्ती किंवा घटनेशी संबंध. 'ई' म्हणजे एखादी खास शैली किंवा जीवनपद्धती दाखवणारी वास्तू अथवा परिसर. 'एफ' हा निकष आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो : वास्तुकलेच्या विकासाच्या साखळीतली अशी कडी, जी गेली तर साखळीच तुटेल. 'जी' म्हणजे इमारतींच्या समूहाचा भाग असणं, 'एच' तंत्रज्ञानातला टप्पा, 'आय' देखावा, पाणकाठ, रस्त्याची रेषा आणि क्षितिजरेषा, 'जे' मोकळ्या जागा.

एकाच बंगल्याला चार-पाच अक्षरं लागू शकतात. साउथ कोर्ट, म्हणजे लोकांच्या तोंडचं जिना हाउस, हे चांगलं उदाहरण आहे. वास्तुविशारद क्लॉड बॅटली यांनी रचना केलेलं हे १९३६ चं घर. संगमरवर आणि अक्रोडाच्या लाकडाचं काम हा त्याचा रचनेचा भाग. सप्टेंबर १९४४ मध्ये गांधी आणि जिना यांच्या वाटाघाटी या घरात झाल्या, हा घटनेचा भाग. नक्षीकाम सामान्य असतं तरी दुसऱ्या कारणानं ते महत्त्वाचं ठरलंच असतं.

३. नामवंत माणूस राहून गेला एवढं पुरतं का?

निकष म्हणून पुरू शकतं, पण संरक्षण म्हणून पुरत नाही. होमी भाभा यांचा मलबार हिलवरचा 'मेहरांगीर' २०१४ मध्ये ३७२ कोटी रुपयांना लिलावात गेला. तिथे स्मारक व्हावं म्हणून शास्त्रज्ञांसह अनेकांनी मागणी केली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, तरी २०१६ मध्ये तो बंगला पाडला गेला. लिलाव जाहीर झाल्यावर धावपळ सुरू झाली की उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट : 'अमुक इथे राहत' हे वाक्य पुरेसं नेमकं नसतं. कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, कुठल्या खोलीत, तिथे काय घडलं, आणि त्या वेळची खोली आज कितपत शिल्लक आहे, हे लिहावं लागतं. गावदेवीचं मणिभवन पाहा. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम तिथे असे. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे त्यांना अटक झाली ती गच्चीवरच्या तंबूतून. वास्तुकलेच्या दृष्टीनं कुणी त्या गच्चीकडे वळून पाहणार नाही, पण उद्या कुणी तिच्यावर मजला चढवू म्हटलं तर महत्त्वाच्या जागेवरच घाव बसेल.

४. एवढे बंगले मलबार हिललाच का?

एकोणिसाव्या शतकात किल्ल्यातली दाटी सोडून श्रीमंत घराणी उंच, वाऱ्याच्या आणि समुद्राकडे तोंड असलेल्या जागांकडे सरकली. गव्हर्नरचं निवासस्थान आधी परळला होतं. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा तिथे कॉलऱ्यानं मृत्यू झाला. त्यानंतर, १८८५ पासून मलबार पॉइंट हेच गव्हर्नरचं कायमचं निवासस्थान झालं, तेच पुढे राजभवन. परळच्या त्या वाड्यात १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा गेली. सत्ता टेकडीवर गेल्यावर पैशानंही टेकडी गाठली. पारशी, भाटिया, गुजराती, मारवाडी व्यापारी, संस्थानिक आणि युरोपीय कंपन्यांचे साहेब सगळे इथे आले.

म्हणून इथल्या बंगल्याचं मूल्य चार भिंतींत संपत नाही. उतारावर बसवलेली दगडी भिंत, फाटकापासून पोर्चपर्यंत वळत जाणारा रस्ता, वाऱ्याच्या दिशेचा व्हरांडा, मागची नोकरांची चाळ, तबेला किंवा मोटारखाना हे सगळं एकाच रचनेचे भाग आहेत. आउटहाउस 'काय ते किरकोळ' म्हणून पहिल्यांदा पाडलं जातं. त्या घरात राबणाऱ्यांचा इतिहास मात्र तेवढ्याच जागेत उरलेला असतो.

५. ग्रेड १, २-ए, २-बी आणि ३ यांत नेमका फरक काय?

ग्रेड १ राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंना मिळतो. बळकटीसाठी अपरिहार्य असेल तरच आत-बाहेर हात लावता येतो, तोही कमीत कमी.

ग्रेड २ प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाचा. २-ए मध्ये आतले बदल आणि नवा वापर बहुतांशी चालतो, बाहेरच्या बदलांची छाननी होते. २-बी मध्ये त्यापुढे जाऊन त्याच आवारात वाढीव बांधकाम किंवा वेगळी इमारत काही परिस्थितीत मान्य होऊ शकते. मूळ वास्तूशी, विशेषतः उंची आणि दर्शनी भागाशी, तिचा मेळ बसला पाहिजे.

ग्रेड ३ परिसराच्या चेहऱ्यासाठी असतो. इथे आत-बाहेर बदल, वाढ आणि नवा वापर सर्वसाधारणपणे चालतो, पण वास्तूच्या आणि परिसराच्या स्वरूपाला बाधा न आणता. इमारत कमकुवत झाली असेल, आगीत किंवा आपत्तीत सापडली असेल तर पुनर्बांधणीही मान्य होऊ शकते. 'ग्रेड ३ म्हणजे पाडायला मोकळे' ही समजूत याच तरतुदीतून आली आहे आणि ती चुकीची आहे. ग्रेड ३ च्या वास्तूंनाही समंजस जतन हवं, असं नियमच म्हणतो.

६. आमच्या कागदांवर 'अ वर्ग' लिहिलं आहे. म्हणजे ग्रेड १ ना?

हा घोळ दर महिन्याला येतो. तो उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींचा वर्ग आहे, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाशी संबंधित. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ', त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या 'ब', आणि १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क'. वारसा दर्जाशी त्याचा काही संबंध नाही.

७. बंगला यादीत आहे की नाही हे कसं पाहायचं?

आधी मालमत्ता पत्रकावरून सी. एस. नंबर, म्हणजे जमिनीचा भूमापन क्रमांक, आणि भूमापनाचा विभाग, म्हणजे डिव्हिजन, काढा. या भागासाठी ती 'मलबार व कंबाला हिल डिव्हिजन' असते. महापालिकेचा वॉर्ड 'डी'. मग यादीत नावानं आणि सी. एस. नंबरानं, दोन्हींनी शोधा. फक्त नावानं शोधलं की हमखास चूक होते, कारण घर विकलं की नाव बदलतं आणि यादीत जुनंच राहतं. रस्त्यांचंही तसंच. माउंट प्लेझंट रोड आता भाऊसाहेब हिरे मार्ग आहे.

वास्तूचं स्वतंत्र नाव नसलं तरी ती वारसा परिसरात येते का तेही पाहा. शेवटी महापालिकेच्या हेरिटेज विभागाकडून लेखी शेरा घ्या. तोंडी उत्तरावर पाच रुपयांचाही व्यवहार करू नका.

८. नाव मसुदा यादीत आहे, अंतिम मंजुरी नाही. तोवर काम उरकून घेता येईल?

नाही. प्रसिद्ध झालेली आणि मंजुरीसाठी थांबलेली यादीही विकास परवानगीच्या बाबतीत तात्पुरती लागूच धरली जाते. मूळ यादी आणि नियम २१ एप्रिल १९९५ चे आहेत. २०१२ मध्ये महापालिकेनं नऊशेहून अधिक नव्या नावांची यादी जाहीर केली, तेव्हा हाच प्रश्न हजारो रहिवाशांपुढे उभा राहिला होता. यादीत नाव घालायला हरकत असेल तर हरकती-सूचनांच्या मुदतीत लेखी मांडा आणि ती वास्तूच्या मूल्यावरच मांडा. 'आमचं नुकसान होईल' याचा विचार वेगळ्या वाटेनं होतो (प्रश्न १३).

९. घराचा इतिहास शोधायचा कुठे, आणि 'महत्त्वाचं निवेदन' म्हणजे काय?

निवेदन म्हणजे दोन-तीन पानांत नेमकं लिहिलेलं उत्तर : या घरातलं काय गेलं तर घराचा अर्थ जाईल? आमच्या मते परवानगीचा अर्ज, नकाशे, कंत्राटदार हे सगळं त्याच्यानंतर यावं. हे न लिहिता काम सुरू झालं की कंत्राटदाराला जे जुनाट दिसतं ते निघतं आणि जे चकचकीत दिसतं ते राहतं.

पुरावा या क्रमानं गोळा करा. आधी घरातले कागद : लीज, मृत्युपत्रं, दुरुस्तीची बिलं, लग्नाचे फोटो. लग्नाच्या फोटोंना हसू नका. पोर्च, फरशी, कठडा, दिवे असं सगळं मागे दिसतं आणि त्यावर तारीख असते. मग मालमत्ता पत्रक आणि लीजच्या अटी. मग महापालिकेचे कर आकारणीचे दप्तर आणि मंजूर नकाशे. मग लॉटन यांनी केलेल्या मुंबई शहराच्या सर्वेक्षणाचे १८७२ चे नकाशे. त्या जागी त्या काळी बांधकाम होतं का, कुठल्या आकाराचं, हे त्यांत दिसतं. शेवटी फोर्टमधल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आणि एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय.

त्यानंतर घरच वाचा. खोल्यांना क्रमांक द्या, प्रत्येक भिंतीचा आणि छताचा फोटो काढा, मोजणीचे नकाशे १:१०० आणि तपशील १:१० वर करा. कठड्याची नक्षी एका जागी बदलते, फरशीचा पट्टा अर्ध्यात तुटतो, दाराच्या चौकटीवर रंगाचे सात थर आहेत आणि शेजारच्या चौकटीवर दोनच. हे सगळे वाढीचे पुरावे आहेत. जिन्याच्या वळणावर हात टेकून टेकून सागवानी कठड्याची कड गोल झालेली असते. तेवढीच कड नंतर बदललेल्या तुकड्यावर धारदार राहते. बोट फिरवलं की सांधा सापडतो.

शेवटी प्रत्येक भागाला चारपैकी एक शेरा द्या : अत्यंत महत्त्वाचा, महत्त्वाचा, तटस्थ, बाधक. हा 'बाधक' शेरा द्यायला कचरू नका. १९७० च्या दशकात व्हरांड्याला लावलेल्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या जुन्या झाल्या म्हणून वारसा होत नाहीत.

१०. नुसता रंग द्यायचाय, गिलावा करायचाय. त्यालाही परवानगी?

हो. नियमात दुरुस्ती, रंगकाम, गिलावा, खास घटक बदलणं आणि कुठलाही भाग पाडणं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आयुक्तांची लेखी पूर्वपरवानगी लागते, आणि आयुक्त मुंबई वारसा संवर्धन समितीच्या सल्ल्यानं ती देतात. ग्रेड ३ साठी पालिका मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्वतः निर्णय घेऊ शकते. अर्जासोबत सध्याच्या स्थितीचे फोटो, खराबीचा नकाशा, कामाची पद्धत, साहित्याचं प्रमाण आणि निवेदन (प्रश्न ९) जोडा. 'सर्वसाधारण दुरुस्ती' एवढंच लिहिलेला अर्ज परत येतो, आणि तो परत यायलाच हवा.

११. चुन्याऐवजी सिमेंट का चालत नाही? सिमेंट तर मजबूत असतं.

मजबूत असतं हीच अडचण आहे. मालाडचा पिवळसर दगड, पोरबंदरचा फिकट चुनखडक, भाजलेली वीट आणि चुन्याचा सांधा असलेली भिंत पावसाळ्यात ओल पिते आणि ऑक्टोबरपासून सोडते. वर सिमेंटचा घट्ट थर बसला की ओलीला वाट उरते ती दगडातूनच. पाणी बाहेर पडताना क्षार मागे ठेवतं, ते पृष्ठाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाची पापुद्र्यांनी साल निघते. सांधा मऊ आणि दगड कठीण हवा. सिमेंटनं हे उलटं होतं, आणि मग बदलायला सोपा असलेला सांधा टिकतो व न मिळणारा दगड जातो.

ओळखायचं कसं? किल्लीनं खरवडा. चुन्याचा गिलावा पांढरट भुकटी देतो, सिमेंट करडं असतं आणि ओरखडा जेमतेम उठतो. बोटाच्या पेरानं वाजवा. पोकळ 'बद्द' आवाज आला तर थर भिंतीपासून सुटला आहे. असा ठिगळ काढल्यावर त्याच्या आतल्या बाजूला दगडाचा पातळ पापुद्रा चिकटून आलेला दिसतो. सिमेंटनं काय केलं ते दाखवायला तेवढा एक तुकडा मालकासमोर ठेवला तरी पुरतो.

प्रमाण भिंतीप्रमाणे ठरतं, पण सर्वसाधारण असं : किमान तीन आठवडे, शक्य तर काही महिने पाण्यात मुरवलेला चुना १ भाग, आणि चाळलेली वाळू व सुरखी (विटांची भुकटी) मिळून अडीच ते तीन भाग. गूळ, हिरडा, बेलफळ यांचं पाणी पूर्वापार घातलं जातं. त्याचा नमुना आधी भिंतीच्या कोपऱ्यात करून पाहा. एक थर १० ते १२ मिलिमीटरहून जाड नको. पुढचा थर आधीचा आवळल्यावरच. ओल राखा, पण पाणी साचू देऊ नका, कारण चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं घट्ट होतो. थेट उन्हात सुकला तर जाळीसारखे तडे जातात आणि भर पावसाळ्यात आवळतच नाही. बाहेरचं काम ऑक्टोबर ते मे एवढ्यातच बसवा. चुन्यावर प्लास्टिक पेंट फासला तर वरची सगळी मेहनत वाया जाते.

सफाईबद्दल एवढंच : पोरबंदर दगडाला ॲसिड लावू नका, तो चुनखडकच असल्यानं विरघळतो. वाळूचा मारा दगडाची मूळ कात काढतो. कमी दाबाचं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश, आणि डाग-क्षारांवर मुलतानी मातीचा लेप. याला वेळ लागतो.

१२. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये 'सी-१' आलं. म्हणजे वारसा दर्जा संपला?

दर्जा संपत नाही. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे तपासणी लागते आणि धोकादायक ठरल्यास कलम ३५४ ची नोटीस येते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे न रिकामी करता दुरुस्ती, सी-३ किरकोळ. माणसांचा जीव आधी, त्यामुळे धोका असेल तर टेकू द्या आणि जागा सोडा. पण अहवाल हातात आल्यावर एक गोष्ट लगेच तपासा : कुठल्या चाचण्या केल्या?

रिबाउंड हॅमर, हाफ-सेल, कार्बोनेशन या काँक्रीटच्या चाचण्या आहेत. १९३० च्या दशकातल्या आरसीसीच्या बंगल्याला त्या योग्यच. पण दगडी भिंती, सागवानी तुळया आणि लाकडी तख्तपोशीच्या १८९० च्या घरावर त्या लावून निष्कर्ष काढला असेल तर अहवाल चुकीच्या इमारतीचा आहे असंच म्हणावं लागेल. अशा घरात पाहायचं ते हे : तुळयांची भिंतीत शिरलेली टोकं, लाकडातली ओल (२० टक्क्यांच्या वर कायम राहिली की कुज लागते), वाळवी, भिंती ओळंब्यात आहेत का, तडे जुने की चालते. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख घाला. तडा सरकत असेल तर पट्टी फुटते.

तुळईचं टोक कुजलं म्हणजे तुळई गेली असं नाही. कुजका भाग कापून त्याच जातीचं वाळलेलं लाकूड आणि स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांनी जोड देता येतो. त्याआधी ओल कुठून येते ते बंद करा. नाहीतर नवं टोकही कुजेल. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि अशा घरांचा शत्रू बहुतेकदा तुंबलेली पन्हाळ किंवा फुटका डाउनटेक पाइप एवढाच असतो. मे महिन्यात पन्हाळी साफ करणं, सरकलेली मंगळुरी कौलं बसवणं आणि कठड्यातला पिंपळ मुळासकट काढणं ही तीन कामं दरवर्षी झाली तर सी-१ पर्यंत जायची वेळ सहसा येत नाही. पिंपळ वरून छाटला तर मुळं आणखी जाड होतात.

दोन ऑडिटमध्ये मतभेद असेल तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातं. तिथे संवर्धनाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल हाताशी ठेवा.

१३. एवढ्या जमिनीवर एवढंसं घर. न बांधता आलेल्या एफएसआयचं, म्हणजे प्लॉटवर मान्य असलेल्या बांधकाम क्षेत्राचं, काय?

नियमात भरपाई आहे : वारसा नियमामुळे परवानगी नाकारली गेली किंवा अटींमुळे एफएसआय वापरता आला नाही, तर ते क्षेत्र दुसरीकडे वापरता यावं म्हणून विकास हक्क प्रमाणपत्र, म्हणजे टीडीआर, मिळू शकतो. नमुना हिशेब पाहा. प्लॉट २,००० चौरस मीटर, शहर भागाचा मूळ एफएसआय १.३३, म्हणजे २,६६० चौरस मीटर. घर ९०० चौरस मीटरचं असेल तर फरक १,७६० चौरस मीटर. प्रत्यक्षात सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे निर्बंध), लीजच्या अटी आणि रस्त्याची रुंदी आकडा बदलतात. म्हणून सौद्याआधी पालिकेकडून गणित लेखी घ्या.

लीजकडे विशेष लक्ष द्या. सरकार किंवा पालिकेनं लीजमध्ये घातलेले निर्बंध वारसा नियमामुळे रद्द होत नाहीत. ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसचा, म्हणजे अमेरिकी वकिलातीच्या जुन्या इमारतीचा, ७५० कोटींचा सौदा २०१५ मध्ये जाहीर झाला आणि जमिनीच्या हक्काच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं अडकला.

१४. आत लिफ्ट, एसी, नवी बाथरूम घालता येतील? आणि हॉटेल किंवा ऑफिस?

घालता येतील, ग्रेडप्रमाणे (प्रश्न ५). कसोटी अशी की उद्या ते काढलं तर घर पूर्वीसारखं व्हावं. वायर-पाइपसाठी मूळ गिलाव्यात खाचा मारू नका, जुन्या सेवा-जागा किंवा उघडी पट्टी वापरा. बाथरूम मागच्या बाजूला, एकावर एक, बाहेरच्या भिंतीशी ठेवा. लाकडी तख्तपोशीवर कोबा ओतणं ही नेहमीची चूक आहे. १०० मिलिमीटर कोब्याचं वजन चौरस मीटरला जवळपास २०० किलो भरतं, आणि खालच्या लाकडी कड्या एवढ्या भारासाठी घातलेल्या नसतात. फिरत्या पट्ट्यांच्या झडपा कायमच्या बंद करून एसी लावला तर भिंती घामेजतात. निदान दिवसाचे काही तास त्या उघडा.

वापराबद्दल : मालकानं वास्तू आहे तशी राखायची हमी दिली तर निवासी भागातही ती पूर्ण किंवा अंशतः ऑफिस वा हॉटेलसाठी वापरायची मुभा समितीच्या मान्यतेनं मिळू शकते. देखभाल ढासळली तर आयुक्त ती काढून घेतात.

१५. जुने दरवाजे, झुंबरं, पुतळे विकले तर चालेल?

दरवाजे, कठडे, जडवलेल्या मिंटन टाइल (जुन्या नक्षीदार इंग्लिश फरश्या) हे वास्तूचे घटक आहेत. यादीतल्या घरातून ते काढणं म्हणजे विनापरवाना बदल. शिवाय १९७२ चा कायदा शंभर वर्षांहून जुनी, इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही 'पुरावस्तू' मानतो. पुरावस्तूचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. जुन्या मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं असतील तर पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करा. सामान हलवण्याआधी फोटोंसह यादी करा, वाटणीच्या वेळी तर नक्कीच.

१६. आवारातली झाडं घराच्या महत्त्वात धरतात का?

धरावीत (प्रश्न ४). त्यांना स्वतंत्र संरक्षणही आहे : १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनं ५० वर्षं किंवा अधिक वयाची झाडं 'हेरिटेज' ठरतात. बांधकामाआधी बुंध्याचा घेर मोजून वयाचा अंदाज कागदावर आणा.

१७. शेजारचा बंगला पाडायला घेतलाय. आम्ही मालक नाही. काय करू शकतो?

प्रथम तो यादीत आहे का पाहा (प्रश्न ७). असेल तर परवानगीची प्रत माहिती अधिकारात मागा, आणि परवानगी नसताना काम चालू असेल तर वॉर्ड ऑफिस व हेरिटेज विभाग या दोघांना त्याच दिवशी लेखी तक्रार द्या. सोबत तारखेसह फोटो, सी. एस. नंबर आणि कुठला भाग निघाला ते. यादीतली वास्तू पाडण्याआधी किंवा मोठा बदल करण्याआधी लोकांच्या हरकती-सूचना मागवण्याची तरतूद आहे. हरकत लिहिताना 'आपला वारसा वाचवा' एवढ्यावर थांबू नका. निकषाचं अक्षर (प्रश्न २), घरातला नेमका भाग, आणि तो पाडल्याशिवाय काम कसं होऊ शकतं, हे तिन्ही लिहा.

यादीत नसेल तर वाट अरुंद आहे. मूल्याचे पुरावे जोडून समितीकडे नाव सुचवता येतं, पण त्याला वेळ लागतो आणि हातोडा थांबत नाही. म्हणून आपल्या गल्लीत असं घर उभं असेल तर त्याचे फोटो, सी. एस. नंबर आणि जुने कागद आजच जमवा, फाटकावर विकाऊची पाटी लागायच्या आधी.